मिडरेंज डिस्कचं वजन आणि उड्डाण : तुलना नीट कशी करायची

डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे तबकडी फेकून बास्केटमध्ये टाकायच्या खेळात, एकाच मोल्डच्या (साच्याच्या) दोन मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराच्या डिस्क, घ्यायच्या, एक १६६ ग्रॅमची आणि एक १७८ची. मैदानावर दोन्ही पाच-पाच वेळा फेकायच्या आणि "हलकी लांब जाते" असं ठरवून घरी यायचं. डिस्क गोल्फ खेळणारे बहुतेक जण वजनाची तुलना अशीच करतात, आणि असा निष्कर्ष बहुधा वजनाचा नसतोच. तो प्लास्टिकचा असतो, डिस्कच्या फुगीरपणाचा असतो, झिजेचा असतो, कधी नुसत्या वाऱ्याचा. हलकी डिस्क दुसऱ्यांदा फेकली असेल तर तोवर मोकळ्या झालेल्या खांद्याचाही असतो.

पुढचं सगळं उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी आहे. डिस्क वेगात असताना उजवीकडे कलते तो टर्न, वेग ओसरल्यावर डावीकडे वळते तो फेड. डावखुऱ्या बॅकहँडवाल्यांनी आणि उजव्या हाताच्या फोरहँडवाल्यांनी दिशा उलट्या धराव्यात. उदाहरणादाखल डिस्क्राफ्ट कंपनीची बझ ही मिडरेंज घेतली आहे (वेग ५, ग्लाइड म्हणजे तरंगणं ४, टर्न उणे १, फेड १), कारण ती वेगवेगळ्या वजनांत सहज मिळते. रॉक३, माको३ किंवा हेक्ससारखी दुसरी मिडरेंज असली तरी पद्धत तीच. एक मात्र ध्यानात असू द्या: हे चार आकडे मोल्डचे असतात. तुमच्या हातातली डिस्क १६५ची की १८०ची, याबद्दल ते काही सांगत नाहीत.

## टप्पा १ : काय दिसायला हवं, ते आधी समजून घ्या

काय शोधतोय हे ठाऊक नसेल तर मैदानावर सगळंच दिसतं आणि काहीच कळत नाही.

पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन चालतं. मिडरेंजचा व्यास साधारण २१.७ सेंटिमीटर, म्हणजे कमाल वजन १८० ग्रॅमच्या आसपास. म्हणून १८० विरुद्ध १६५ ही तुलना सुमारे ८ टक्के फरकाची आहे.

हलकी डिस्क हातातून थोडी जास्त वेगाने सुटते, पण वाटतं तितकी नाही. दोन्ही डिस्कना हाताने अगदी सारखी ऊर्जा दिली असं मानलं तरी वेग फार तर ४ टक्क्यांनी वाढेल: ताशी ५० मैलांचे ५२. प्रत्यक्षात एवढाही वाढत नाही, कारण फेकताना डिस्कबरोबर आख्खा हात फिरवायचा असतो आणि त्याचं वजन काही घटलेलं नसतं.

खरा फरक त्यानंतर हवेत पडतो. आकार तोच, म्हणजे त्याच वेगाला हवेचा जोरही तोच. पण तो सोसायला वस्तुमान कमी. त्यामुळे हलकी डिस्क जास्त उचलली जाते आणि तिचा वेगही लवकर मरतो. फिरकी सारखी असली तरी तिचा कोनीय संवेग कमी असतो, म्हणून हवेने कलवलं की ती पटकन कलते. हिशोबाप्रमाणे टर्न आणि फेड दोन्ही वाढायला हवेत. मैदानावर पूर्ण ताकदीच्या फेकीत टर्न ठळक दिसतो, फेड मात्र पुष्कळदा त्यातच बुजून जातो.

म्हणजे पाहायच्या गोष्टी चार: सुरुवातीला उजवीकडे किती सरकली, किती वेळ तरंगली, शेवटी डावीकडे किती आली, आणि डिस्क किती विखरून पडल्या. नुसती लांबी मोजणाऱ्याला यातलं फारसं काही हाती लागत नाही.

## टप्पा २ : डिस्क निवडा

सगळ्यात जास्त तुलना इथेच बिघडतात, त्यामुळे इथे घाई नको.

एकच मोल्ड, एकच प्लास्टिक, शक्यतो एकाच रनमधल्या (एका खेपेत बनलेल्या) तीन डिस्क घ्या. बझ असेल तर तिन्ही झेड किंवा तिन्ही ईएसपी प्लास्टिकच्या. इनोव्हा कंपनीची असेल तर तिन्ही स्टार किंवा तिन्ही चॅम्पियन. डीएक्ससारखं स्वस्त प्लास्टिक या कामाला नको. दोन-चार वेळा झाडावर आपटलं की कड घासते, डिस्क अंडरस्टेबल (उजवीकडे जास्त कलणारी) होते, आणि तुलना अर्ध्यावर असतानाच बिघडते.

वजनं साधारण १६५, १७२ आणि १७९ अशी असावीत. दोन-तीन ग्रॅमचा फरक मैदानावर पकडता येतो असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. आपल्या दोन फेकींमधला फरकच त्याहून मोठा असतो. सहा-सात ग्रॅमचं अंतर ठेवा.

एक पेच उरतोच. मोल्डची पोकळी तेवढीच असते, मग एक डिस्क १५ ग्रॅमने हलकी कशी निघते? प्लास्टिकचं मिश्रण कमी घनतेचं असतं म्हणून, किंवा थंड होताना ती वेगळ्या प्रकारे आकसते म्हणून. म्हणजे वजनाबरोबर आकार आणि कडकपणाही थोडा बदललेला असू शकतो. यातून पूर्ण सुटका नाही, पण ढोबळ फरक वेगळे काढता येतात:

१. तिन्ही डिस्क सपाट टेबलावर ठेवा आणि नजर टेबलाच्या पातळीवर आणून बघा. एक फुगीर आणि दुसरी चपटी असेल तर ती जोडी बाद. फुगीर डिस्क जास्त तरंगते आणि श्रेय जातं वजनाला.

२. कडेवर मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात ती रेघ टेबलापासून किती उंचावर आहे ते तिन्हींवर पट्टीने मोजा. रेघ वर असेल तर डिस्क सहसा जास्त ओव्हरस्टेबल (कमी टर्न, जास्त फेड). मिलिमीटरभराचाही फरक दिसला तर डिस्क बदला.

३. कडेखालून बोट फिरवा. प्लास्टिकची बारीक कंगोरी राहिली असेल तर ती बोटात अडकते आणि सुटण्याची वेळ बदलते.

४. तिन्ही नव्या, किंवा तिन्ही सारख्याच वापरलेल्या. जुनी भारी आणि कोरी हलकी ही जोडी काही कामाची नाही.

सावधान : झेड लाइट किंवा ब्लिझर्डसारखी मुद्दाम हलकी केलेली मिश्रणं नेहमीच्या प्लास्टिकशेजारी ठेवू नका. ब्लिझर्डमध्ये तर प्लास्टिकमध्ये हवेचे बुडबुडे असतात. ती तुलना मिश्रणांची होते.

एकाच डिस्कला खालून चिकटपट्टी किंवा नाणं चिकटवून वजन वाढवायचं, म्हणजे आकाराचा प्रश्नच मिटला, अशीही युक्ती काही जण लढवतात. पण वजन मध्यभागी चिकटवलं तर फिरण्याचं जडत्व जवळपास वाढतच नाही, कडेला चिकटवलं तर नको इतकं वाढतं. खऱ्या भारी डिस्कमध्ये वाढीव वजन सगळीकडे पसरलेलं असतं. या युक्तीत वेळ घालवू नका.

## टप्पा ३ : वजन स्वतः करा

डिस्कच्या पोटाशी पेनने लिहिलेला किंवा चिकटवलेला आकडा हा अंदाज समजा. डिस्क्राफ्टच्या चिकटपट्टीवर तर बरेचदा एकच आकडा नसतो, १७५-१७६ किंवा "१७७ आणि वर" असा पट्टा असतो. तुलनेला पट्टा चालत नाही.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, ०.१ ग्रॅम दाखवणारा असेल तर उत्तम. डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. काटा कडक, सपाट ओट्यावर ठेवा. आधी काटाच तपासा: अमेरिकेत असाल तर ५ सेंटचं नाणं, म्हणजे निकेल, नेमकं ५ ग्रॅमचं असतं. ३५ निकेल ठेवले की १७५ यायला हवेत. थोडाफार चुकला तरी बिघडत नाही, कारण तीनही डिस्कना तीच चूक लागेल. पण दर वेळी वेगळा आकडा दाखवत असेल तर तो काटा सोडा.

प्रत्येक डिस्क तीनदा ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. मधला आकडा वहीत लिहा. डिस्कवर लिहू नका. कारण पुढे येईलच.

## टप्पा ४ : वजन स्वतःपासून लपवा

हातात १६५ची आहे हे कळलं की मनगट आपोआप सैल पडतं आणि भारी घेतली की आपण जास्त जोर लावतो. हे मुद्दाम होत नाही, पण होतं.

तिन्ही डिस्क एकाच रंगाच्या मिळाल्या तर निम्मं काम झालं. पोटाशी मध्यभागी सारख्याच लांबीची चिकटपट्टी लावून कारखान्याचा आकडा झाका आणि पट्टीवर क, ख, ग लिहा. कोणतं अक्षर कोणत्या वजनाचं ते सोबत्याने ठरवायचं, वहीही त्याच्याकडेच. फेकताना डिस्क तोच हातात देईल. १४ ग्रॅमचा फरक हाताला थोडा जाणवतोच, त्यामुळे पूर्ण आंधळी चाचणी होत नाही. तरी मधली डिस्क आपण बरेचदा चुकीची ओळखतो, आणि फायदा होतो तो तिथेच.

तपासा : पट्टी तिन्हींना लावली का? एकीलाच लावली तर वजनही वेगळं आणि ओळखही पटली.

## टप्पा ५ : मैदान, हवा आणि वेळ

अमेरिकन फुटबॉलचं मैदान याला फार सोयीचं. एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत ३०० फूट, आणि दर १५ फुटांवर आडवी रेघ आयती आखलेली. एका गोलरेषेच्या मध्यावर उभं राहा. समोरच्या गोलपोस्टचा मध्य हे निशाण. सुट्टीत डिस्क घेऊन गावी गेला असाल तर क्रिकेटच्या खेळपट्टीचे २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, चालून आपलं पाऊल मोजून घ्या आणि पावलांनी अंतर धरा.

वारा ताशी ५ मैलांच्या आत हवा. एका काठीला हलकी फीत बांधून ती निशाणाच्या वाटेवर अर्ध्या अंतरावर रोवा. जिथून फेकता तिथला वारा आणि ३० फूट उंचीवरचा वारा एक नसतो, त्यामुळे झाडांचे शेंडेही बघत राहा. सकाळी लवकर जा. पण दंव असेल तर गवत वाळेपर्यंत थांबा आणि सोबत दोन टॉवेल ठेवा. ओल्या कडेवरून घसरलेली फेक काहीच सांगत नाही.

तीन डिस्क तीन वेगवेगळ्या दिवशी फेकायची चूक फार जण करतात. ३० अंश सेल्सिअसला हवा जितकी घन असते, त्यापेक्षा ५ अंशाला ती साधारण ९ टक्क्यांनी जास्त घन असते. आपण शोधतोय तो वजनाचा फरक ८ टक्क्यांचा. म्हणजे जुलैत फेकलेली हलकी आणि जानेवारीत फेकलेली भारी यांच्यात हवामानच जिंकतं, शिवाय थंडीत प्लास्टिक कडक होतं ते वेगळंच. उंचीचंही तसंच. समुद्रसपाटीपासून मैलभर उंच असलेल्या डेन्व्हरमध्ये हवा विरळ, तिथे डिस्क कमी तरंगते आणि जास्त ओव्हरस्टेबल वाटते. तीच डिस्क मुंबईत समुद्रकाठी फेकली तर जास्त वळेल आणि जास्त तरंगेल. डेन्व्हरच्या मित्राचा वजनाबद्दलचा सल्ला न्यू जर्सीत जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

सावधान : मैदानावर कुणी धावत असेल, लहान मुलं असतील, तर थांबा. १८० ग्रॅमची कडक कड डोक्याला लागली तर टाके पडतात.

## टप्पा ६ : फेकायचा क्रम

१. आधी चाचणीबाहेरच्या डिस्कने अंग मोकळं करा. पटरने (जवळच्या फेकीच्या डिस्कने) सुरुवात करा, मग दुसरी एखादी मिडरेंज. अंतर वाढायचं थांबलं की शरीर तयार आहे असं समजा. बहुतेक जण चाचणीच्याच पहिल्या डिस्कने वॉर्म-अप करतात आणि तिला नाहक बदनाम करतात.

२. एकच प्रकार ठरवा: सपाट रिलीज, छातीच्या उंचीवर, सुमारे ७५ टक्के ताकद. पूर्ण ताकद लावली की फेकीफेकीत फार फरक पडतो. रन-अप हवा की उभ्याने फेकायचं, तेही आधी ठरवा आणि मध्येच बदलू नका. मी उभ्याने फेकण्याच्या बाजूचा. लांबी कमी मिळते पण फेकीत सातत्य येतं.

३. क्रम फिरता ठेवा: क-ख-ग, मग ख-ग-क, मग ग-क-ख. एकच डिस्क सलग दहा वेळा फेकली की हात तिच्याशी जुळवून घेतो आणि पुढची डिस्क उगाचच विचित्र वाटते.

४. प्रत्येक डिस्कच्या १२ फेकी. दर तीन फेऱ्यांनंतर पाच मिनिटं थांबा. शेवटी थकवा आला तरी क्रम फिरता असल्याने तो तिघींत सारखा वाटला जातो.

५. बाद फेकीचा नियम कडक ठेवा: हातातून सुटताक्षणी "बाद" म्हणालात तरच बाद. डिस्क कुठे पडली ते बघून "ही माझी नेहमीची फेक नव्हती" म्हणायची सोय नाही. ही सोय ठेवली की जी डिस्क आपल्याला आवडते तीच जिंकते.

तपासा : डिस्क सुटताना नाक वर आहे का? सोबत्याला बाजूने मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पुढची कड वर असेल तर डिस्क चढते, थबकते आणि डावीकडे कोसळते. तिथे वजनाचा परिणाम दिसतच नाही. निम्म्याहून जास्त फेकी अशा असतील तर चाचणी तिथेच थांबवा आणि आधी नाक खाली आणा. हाती टेकडिस्क (सेन्सर बसवलेली डिस्क) असेल तर वेग, फिरकी आणि नाकाचा कोन आकड्यांत कळतो, पण ती स्वतः वेगळी डिस्क आहे. तिने आपली फेक किती सारखी पडते ते बघा, मोल्डची तुलना तिच्यावर करू नका.

## टप्पा ७ : नोंद

फेकणाऱ्याने नोंद करायची नाही. सोबत्याने प्रत्येक फेकीला चार गोष्टी लिहायच्या: पहिल्यांदा जमिनीला टेकली तिथपर्यंतचं अंतर, निशाणाच्या रेषेपासून डावी-उजवी, हवेत उजवीकडे जास्तीत जास्त किती सरकली (फुटांचा अंदाज चालेल) आणि त्या वेळी फीत कुठे होती.

पहिल्यांदा टेकली तिथलंच अंतर धरा. घरंगळत किंवा घसरत पुढे गेलेलं अंतर जमिनीवर अवलंबून असतं, उड्डाणावर नाही. यूडिस्क ॲपवर फेक मोजता येते, पण जीपीएस काही फुटांनी चुकतं. आखलेल्या मैदानावर रेघांवरून मोजलेलं जास्त भरवशाचं.

## टप्पा ८ : वाऱ्यात पुन्हा

शांत हवेतला निकाल अर्धाच. वजनाचा खरा उपयोग वाऱ्यात कळतो, म्हणून ताशी १० ते १५ मैल वाऱ्याच्या दिवशी पुन्हा जा. एकाच दिवशी दोन्ही टोकांकडून फेका, म्हणजे समोरचा आणि पाठचा वारा दोन्ही मिळतात.

समोरून वारा असला की डिस्कला हवा जास्त वेगाने भिडते, म्हणजे ती जणू जास्त जोरात फेकली गेल्यासारखी वागते: टर्न वाढतो, उचल वाढते. हलकी इथे उलटून उजवीकडे निघून जाण्याची शक्यता दाट. पाठीमागून वारा असला की उलट, डिस्क लवकर खाली बसते आणि फेड आधी सुरू होतो. इथे हलकी जास्त वेळ तरंगून फायदा देते. आडव्या वाऱ्यात डिस्कचं पोट वाऱ्याला दिसलं की ती उचलून ढकलली जाते, आणि १६५ची ज्या झटक्याने ढकलली जाते त्याचं आश्चर्य वाटतं.

या फेरीत लांबीपेक्षा विखुरणं जास्त नीट लिहा.

जमलं तर १५० फुटांची अप्रोच फेक (डिस्क बास्केटजवळ नेऊन ठेवणारी) प्रत्येकी सहा वेळा फेका. मिडरेंजचं निम्मं काम तेच असतं, आणि कमी वेगात तिघींतला फरक इतका कमी होतो की ज्याने फक्त लांब फेकी मोजल्या त्याला ते खरं वाटत नाही.

## टप्पा ९ : आकडे वाचा

सगळ्यात लांब गेलेली फेक विसरा. प्रत्येक डिस्कची १२ अंतरं चढत्या क्रमाने लिहा, वरची दोन आणि खालची दोन खोडा. उरलेल्या आठांमध्ये दोन गोष्टी बघा: मधोमधचं अंतर, आणि पहिल्या-शेवटच्यातला फरक.

समजा भारीचं मधलं अंतर २५५ फूट आलं आणि तिच्या आठ फेकी २४६ ते २६६ मध्ये आहेत. हलकीचं मधलं अंतर २६२, पण आठ फेकी २३२ ते २८५ मध्ये. "हलकी ७ फूट लांब जाते" असं म्हणायचं का? नाही. ७ फुटांचा फरक दोघींच्याही विखुरण्यात सहज बुडतो. पण एक डिस्क २० फुटांच्या पट्ट्यात पडते आणि दुसरी ५३ फुटांच्या, हे मात्र ठळक आहे. बास्केटकडे फेकताना तेच महत्त्वाचं. डाव्या-उजव्या अंतराचंही असंच करा.

आता वही उघडा आणि क, ख, ग यांची वजनं बघा. त्याआधी नको.

मधली डिस्क दोन टोकांच्या मध्ये पडली का, तेही तपासा. वजनामुळेच फरक पडत असेल तर १७२ची १६५ आणि १७९च्या मध्ये कुठेतरी यायला हवी. ती दोघींपेक्षा जास्त वळत असेल तर समजा की त्या डिस्कचा आकारच वेगळा आहे. टप्पा २ची पट्टी पुन्हा काढा. तिसरी डिस्क घ्यायची ती यासाठीच. दोनच डिस्क असत्या तर ही चूक कधी दिसलीच नसती.

## टप्पा १० : बॅगेत काय ठेवायचं

मिडरेंज २४० फुटांपुढे सहज फेकणाऱ्याने १७५ ते १८०मध्ये राहावं, असं माझं मत. तिथे लांबीसाठी ड्रायव्हर, म्हणजे लांब जाणारी डिस्क, असतेच. मिडरेंजकडून हवी असते सरळ रेषा. ज्यांची फेक २०० फुटांच्या आत आहे त्यांना १६५ ते १७०ची डिस्क टर्न दाखवते, जी भारीत त्यांना कधी दिसतच नाही आणि प्रत्येक फेक डावीकडे पडते. लहान मुलांना १५०च्या आसपासची द्या.

एकाच मोल्डची दोन वजनं बॅगेत ठेवायचीही एक पद्धत आहे, भारी वाऱ्यासाठी आणि हलकी पाठवाऱ्यासाठी किंवा हायझर-फ्लिपसाठी (बाहेरची कड खाली कलवून फेकायची आणि हवेत ती सपाट होऊ द्यायची). चालते, पण रंग वेगळे ठेवा. घाईत चुकीची हातात आली की भर वाऱ्यात १६५ची सुटते.

स्पर्धेत जाण्याआधी चाचणीच्या चिकटपट्ट्या काढा आणि डिंक पुसून टाका. हाताला जाणवेल अशा जाडीचं काही डिस्कवर चिकटवलेलं असेल तर ते सहसा पीडीजीएच्या नियमांत बसत नाही.